ढगांतून धावपट्टीकडे : उपकरणांच्या आधारे विमान उतरविण्याचे शिक्षण

पावसाळ्यात मुंबईवर ढगांचे छत उतरले की, घाटकोपर-कुर्ल्याच्या बाजूने विमानतळाकडे येणाऱ्या विमानाचा आवाज आधी कानावर पडतो आणि विमान नंतर दिसते. डिसेंबर-जानेवारीतील दिल्लीच्या दाट धुक्यात तर कित्येकदा ते दिसतही नाही. आत बसलेल्या प्रवाशाला खिडकीबाहेर पांढऱ्या पडद्याखेरीज काही दिसत नसते आणि पुढे बसलेल्या वैमानिकांनाही त्याहून फारसे अधिक दिसत नाही. तरीही विमान नेमके धावपट्टीच्या मध्यरेषेवर येऊन उतरते. हे सारे यंत्रच करते, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. यंत्र दिशा दाखविते, प्रसंगी विमानाचे नियंत्रणही सांभाळते. पण यंत्रावर किती विसंबायचे आणि उतरण्याचा बेत कोणत्या क्षणी सोडून द्यायचा, हे माणसालाच ठरवावे लागते. शिकाऊ वैमानिकाला हे ज्या अभ्यासक्रमातून शिकविले जाते, त्यानंतर मिळणाऱ्या पात्रतेला ‘इन्स्ट्रुमेंट रेटिंग’ म्हणतात. त्यातील सर्वांत कसोटीचा भाग म्हणजे ‘इन्स्ट्रुमेंट ॲप्रोच’, अर्थात केवळ उपकरणांच्या आधारे धावपट्टीपर्यंत आणलेली उतरण.

विमानोड्डाणाचे दोन प्रमुख नियमसंच आहेत. पहिला दृश्य उड्डाणाचा. त्यात वैमानिक क्षितिज, जमिनीवरील खुणा आणि इतर विमाने डोळ्यांनी पाहून उडतो. नवशिक्याची सुरुवात येथूनच होते. दुसरा उपकरण उड्डाणाचा. त्यात बाहेरचे काही दिसो वा न दिसो, विमानाची स्थिती, उंची आणि मार्ग यांचे ज्ञान समोरच्या तबकड्यांवरून किंवा पडद्यावरून करून घ्यावे लागते. पहिल्या प्रकारातून दुसऱ्यात जाणे म्हणजे आणखी एक कौशल्य आत्मसात करणे एवढेच नव्हे. जन्मापासून ज्या संवेदनांवर आपण विसंबून चालतो-फिरतो, त्यांना बाजूला सारण्याची ती सवय आहे.

शरीराची खोटी साक्ष

मनुष्याचा तोल डोळे, अंतर्कर्ण आणि स्नायू-सांध्यांतील संवेदना या तिघांच्या साह्याने सांभाळला जातो. अंतर्कर्णात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. डोके वळले की त्यांतील द्रव मागे रेंगाळतो आणि मेंदूला वळण कळते. परंतु वळण एकाच वेगाने चालू राहिले, तर साधारण २० सेकंदांत हा द्रवही नलिकेच्या गतीने फिरू लागतो आणि वळणाची जाणीव नाहीशी होते. विमान प्रत्यक्षात कललेले असते आणि वैमानिकाला ते सरळ चालले आहे असे वाटते. त्याने उपकरण पाहून विमान सरळ केले, तर आता ते उलट्या बाजूला कलल्याचा भास होतो. बाहेर क्षितिज दिसत असेल तर डोळे ही चूक तत्काळ दुरुस्त करतात. ढगात ती दुरुस्ती करणारे कोणी उरत नाही.

हा धोका किती झपाट्याने ओढवतो, याचा एक अभ्यास अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाने १९५४ मध्ये प्रसिद्ध केला. उपकरण उड्डाणाचे शिक्षण नसलेल्या २० वैमानिकांना प्रशिक्षकासोबत विमानात बसवून त्यांना बाहेरचे दृश्य दिसणार नाही अशी व्यवस्था करण्यात आली. वीसही जणांचा विमानावरील ताबा सुटला. कोणाचा २० सेकंदांत, तर कोणाचा ४८० सेकंदांत. सरासरी निघाली १७८ सेकंद, म्हणजे तीन मिनिटांहूनही कमी. त्यांतील १९ जणांचे विमान उत्तरोत्तर आवळत जाणाऱ्या चक्राकार घसरणीत सापडले.

अमेरिकेचे माजी अध्यक्ष केनेडी यांचे पुत्र जॉन केनेडी (धाकटे) यांचा १६ जुलै १९९९च्या रात्री झालेला मृत्यू याच कारणाचा आहे. नियमांच्या दृष्टीने हवामान दृश्य उड्डाणास योग्य होते. पण समुद्रावर धूसर अंधार होता आणि क्षितिज दिसत नव्हते. मार्थाज व्हिनयार्ड या बेटाजवळ त्यांचे छोटे विमान समुद्रात कोसळले. पत्नी आणि मेहुणीही त्यांच्यासोबत मृत्युमुखी पडल्या. अमेरिकी तपास यंत्रणेने दिशाभ्रमामुळे विमानावरील ताबा सुटल्याचा निष्कर्ष काढला. केनेडी यांनी उपकरण उड्डाणाचे शिक्षण सुरू केले होते, परंतु ते पूर्ण झालेले नव्हते.

झाकलेल्या कॉकपिटपासून ‘निळ्या पेटी’पर्यंत

पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात टपाल वाहून नेणारे अनुभवी वैमानिकही ढगांत शिरून बळी पडत. ‘अंगच्या जाणिवेवर’ उडणारा तो खरा वैमानिक, अशी त्या काळची धारणा होती. तिला पहिला मोठा धक्का अमेरिकी लष्करातील वैमानिक जिमी डुलिटल यांनी दिला. २४ सप्टेंबर १९२९ रोजी न्यूयॉर्कजवळच्या मिचेल फील्डवर, पूर्णपणे झाकलेल्या कॉकपिटमधून, बाहेरचे काहीही न पाहता त्यांनी विमान उडविले, फेरी मारली आणि परत उतरविले. दुसऱ्या आसनावर खबरदारी म्हणून बेन केल्सी हे वैमानिक होते; त्यांना हस्तक्षेप करावा लागला नाही. सुमारे १५ मिनिटांच्या या उड्डाणात कृत्रिम क्षितिज, दिशादर्शक जायरो, अचूक उंचीमापक आणि रेडिओ संकेत यांचा एकत्रित वापर झाला. आजच्या प्रशिक्षण विमानातील उपकरणांचे मूळ तेथे सापडते.

याच सुमारास एडविन लिंक यांनी जमिनीवरच उड्डाणाचा सराव देणारे यंत्र तयार केले. सुरुवातीला लष्कराने त्यात विशेष रस घेतला नाही. १९३४ मध्ये अमेरिकी लष्कराकडे टपाल वाहतुकीचे काम आले आणि खराब हवामानात उपकरण उड्डाणाच्या अपुऱ्या तयारीमुळे काही आठवड्यांतच अनेक वैमानिकांचे प्राण गेले. त्यानंतर लष्कराने लिंक यांची सहा यंत्रे विकत घेतली. ‘निळी पेटी’ म्हणून ओळखल्या गेलेल्या या यंत्रावर दुसऱ्या महायुद्धात लाखो हवाई सैनिकांचे शिक्षण झाले. आजचे सिम्युलेटर हे तिचेच वंशज होत. त्याच काळात एल्रे जेपसन हे टपाल वैमानिक विमानतळांची उंची, आजूबाजूचे अडथळे आणि उतरण्याचे मार्ग स्वतःच्या वहीत टिपून ठेवीत. त्या टिपणांतून पुढे त्यांच्याच नावाने जगभर वापरले जाणारे उड्डाण नकाशे निर्माण झाले.

पात्रता आणि तास

भारतात व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी किमान २०० तासांच्या उड्डाणानुभवाची अट आहे. उपकरणांवरील सरावाचे काही तास त्यातच येतात. इन्स्ट्रुमेंट रेटिंग ही मात्र त्यावरील स्वतंत्र पात्रता होय. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना म्हणजे ‘इकाओ’च्या मानकांनुसार त्यासाठी विमानप्रमुख या नात्याने ५० तासांचा लांब पल्ल्याच्या उड्डाणांचा अनुभव आणि ४० तासांचा उपकरण उड्डाणाचा अनुभव अपेक्षित असतो. या ४० तासांपैकी काही भाग मान्यताप्राप्त सिम्युलेटरवर पूर्ण करता येतो. विमान कंपनीत प्रवेश करू पाहणाऱ्यास ही पात्रता असल्याखेरीज गत्यंतर नसते.

तास पूर्ण झाले म्हणजे कौशल्य कायमचे अंगी मुरले, असेही नाही. हे कौशल्य वापराविना लवकर गंजते. अमेरिकी नियमांनुसार गेल्या सहा महिन्यांत किमान सहा इन्स्ट्रुमेंट ॲप्रोच केलेले नसतील, तर रेटिंग असूनही वैमानिकाला उपकरण नियमांखाली विमानप्रमुख म्हणून उडता येत नाही. आपल्याकडेही ठराविक मुदतीने परीक्षा देऊन ही पात्रता टिकवावी लागते.

सहा तबकड्या, एक नजर

प्रशिक्षणाचे पहिले तास विमानतळापासून दूर, मोकळ्या आकाशात जातात. विद्यार्थ्याच्या डोक्यावर पुढे आलेली झडप बसविली जाते किंवा वरचा भाग धूसर केलेला चष्मा दिला जातो. त्यामुळे त्याला फक्त समोरच्या तबकड्या दिसतात. बाहेर पाहण्याची जबाबदारी शेजारच्या प्रशिक्षकाची.

जुन्या पद्धतीच्या विमानात या तबकड्या सहा असतात : वेगमापक, कृत्रिम क्षितिज, उंचीमापक, वळणदर्शक, दिशादर्शक आणि चढ-उताराचा वेग दाखविणारी तबकडी. नव्या विमानांत हीच माहिती एका मोठ्या पडद्यावर एकत्र येते. तत्त्व मात्र तेच. नजर कृत्रिम क्षितिजावरून निघते, एका तबकडीवर जाते, पुन्हा क्षितिजावर येते, मग दुसरीवर. या अखंड फेरीला वैमानिकांच्या भाषेत ‘स्कॅन’ म्हणतात. नवशिक्याच्या चुका येथेच सुरू होतात. उंची १०० फुटांनी ढळली की तो उंचीमापकाकडे टक लावून बसतो; तेवढ्यात दिशा २० अंशांनी सरकते. दिशा सुधारायला जावे तर वेग घटलेला असतो. प्रशिक्षक त्याला पुन्हापुन्हा सांगतो की, कोणत्याही एका तबकडीवर नजर थांबता कामा नये.

या फेरीचे दुसरे आणि अधिक गंभीर प्रयोजन आहे. शरीरावर विश्वास ठेवू नये, उपकरणांवर ठेवावा, हा पहिला धडा झाला. कोणत्याही एका उपकरणावरही डोळे झाकून विश्वास ठेवू नये, हा दुसरा. त्याची किंमत मुंबईने मोजलेली आहे. १ जानेवारी १९७८च्या रात्री एअर इंडियाचे ‘सम्राट अशोक’ हे बोइंग ७४७ विमान सांताक्रूझहून दुबईकडे निघाले आणि उड्डाणानंतर दोन मिनिटांच्या आतच वांद्र्यासमोरच्या समुद्रात कोसळले. विमानातील सर्व २१३ जण मृत्युमुखी पडले. विमान सरळ असताना मुख्य वैमानिकासमोरचे कृत्रिम क्षितिज ते उजवीकडे कलल्याचे दाखवीत राहिले. ते खरे मानून विमान डावीकडे वळविले गेले आणि ते वळतच राहिले. समोर काळोखी समुद्र होता; बाहेरचे क्षितिज नव्हते. इतर उपकरणे खरी स्थिती दाखवीत होती, परंतु त्यांच्या आधारे विमान सावरले गेले नाही, असे चौकशीत निष्पन्न झाले.

म्हणूनच प्रशिक्षणात एखादी तबकडी अचानक कागदाने किंवा रबरी चकतीने झाकली जाते. कृत्रिम क्षितिज गेले तर वळणदर्शक, उंचीमापक आणि वेगमापक यांच्या संगनमतातून विमानाची स्थिती ओळखावी लागते. उरलेल्या उपकरणांवर संपूर्ण ॲप्रोच पार पाडणे हा विद्यार्थ्यांना सर्वांत अवघड वाटणारा सराव आहे.

अदृश्य उतार

विमानाचा ताबा स्थिर झाला की उतरणीचे शिक्षण सुरू होते. मोठ्या विमानतळांवर सर्वाधिक प्रचलित असलेली व्यवस्था म्हणजे इन्स्ट्रुमेंट लँडिंग सिस्टीम, संक्षेपाने ‘आयएलएस’. प्रवासी विमानाने तिच्या साह्याने केलेली पहिली उतरण २६ जानेवारी १९३८ची. वॉशिंग्टनहून निघालेले ते विमान पिट्सबर्ग येथे हिमवादळात उतरले होते.

आयएलएसचे मुख्य घटक दोन. धावपट्टीच्या पलीकडच्या टोकाला असलेली ‘लोकलायझर’ची अँटेना दिशा दाखविते. येणाऱ्या विमानाच्या दृष्टीने मध्यरेषेच्या डावीकडे ९० हर्ट्झचा आणि उजवीकडे १५० हर्ट्झचा संकेत प्रबळ असतो. दोन्ही समसमान आले म्हणजे विमान मध्यरेषेवर आहे. धावपट्टीच्या कडेला असलेला ‘ग्लाइड स्लोप’चा प्रक्षेपक याच तत्त्वावर उताराचा कोन दाखवितो. हा कोन सामान्यतः तीन अंशांचा असतो, म्हणजे दर सागरी मैलामागे सुमारे ३१८ फूट उतार. कॉकपिटमध्ये या दोन संकेतांच्या दोन रेषा दिसतात, एक उभी आणि एक आडवी. त्या एकमेकींना मधोमध छेदत राहिल्या की विमान एका अदृश्य घसरगुंडीवरून खाली येत आहे असे समजावे.

यामागचे गणित विद्यार्थ्याला तोंडपाठ करावे लागते. जमिनीसापेक्ष वेगाला पाचाने गुणले की मिनिटाला किती फूट उतरायचे याचा अंदाज मिळतो. ९० नॉट वेगाने येणाऱ्या छोट्या विमानासाठी तो साधारण ४५० फूट येतो. समोरून वारा असेल तर कमी, मागून असेल तर जास्त. हा आकडा आधीच मनात असला की रेषा हलू लागण्यापूर्वीच काही बिघडत असल्याची चाहूल लागते. ग्लाइड स्लोप नेहमी खालून गाठावा, असाही दंडक आहे. कारण खऱ्या उताराच्या वर, जवळजवळ तिप्पट कोनावर, त्याच प्रक्षेपकाचा एक फसवा उतार निर्माण होऊ शकतो.

नकाशाचे एक पान

प्रत्येक विमानतळाच्या प्रत्येक ॲप्रोचसाठी एकेक पानाचा स्वतंत्र नकाशा असतो. वरच्या भागात रेडिओ वारंवारिता आणि अंतिम दिशा, मध्यभागी वरून पाहिल्यासारखा मार्ग, त्याखाली बाजूने पाहिल्यासारखा उतार आणि तळाशी किमान उंची व दृश्यमानतेचे आकडे. ही मांडणी ठरलेली असल्यामुळे अनोळखी विमानतळाचे पानही सवयीने वाचता येते. विद्यार्थ्याने उतरण सुरू होण्याच्या बऱ्याच आधी हे पान मोठ्याने वाचून दाखवावे, अशी शिस्त आहे : वारंवारिता लावली का, तिचा मोर्स संकेत ऐकून खातरजमा केली का, उतार कोठे सुरू होतो, निर्णयाची उंची कोणती आणि धावपट्टी दिसली नाही तर पहिली कृती कोणती.

उंचीमापकाच्या बाबतीत हयगय चालत नाही. हे उपकरण मुळात हवेचा दाब मोजते आणि स्थानिक दाबाचा आकडा त्यावर लावावा लागतो. एका हेक्टोपास्कलच्या चुकीने उंचीत सुमारे ३० फुटांचा फरक पडतो. दहाची चूक झाली तर ३०० फुटांचा. ढगातून २०० फुटांपर्यंत खाली येणाऱ्या विमानासाठी ही चूक प्राणघातक ठरू शकते.

नियंत्रकाकडून ‘क्लिअर्ड आयएलएस ॲप्रोच’ अशी परवानगी मिळाली की कामांची गर्दी होते. वेग कमी करणे, फ्लॅप्स खाली घेणे, तपासणी यादी वाचणे, रेडिओवर उत्तर देणे आणि हे सर्व करताना दोन्ही रेषा मधोमध ठेवणे. धावपट्टी जवळ येते तसा संकेताचा पट्टा अरुंद होत जातो. दहा मैलांवर जी रेषा संथपणे हलत होती ती आता थोड्याशा चुकीनेही झपाट्याने सरकते. नवशिक्या तिच्या मागे धावतो. रेषा डावीकडे गेली की विमान जोरात डावीकडे, मग ती उजवीकडे गेली की उजवीकडे. अशा नागमोडी वाटचालीत उतरण बिघडते. यावरचा उपाय साधा असला तरी अंगी बाणण्यास वेळ लागतो : रेषेकडे पाहून दिशा ठरवावी आणि मग ती दिशा दिशादर्शकावर घट्ट धरून ठेवावी. दुरुस्ती दोन-तीन अंशांची असावी. वाऱ्याचा परिणाम कळला की त्याहून अधिक लागतही नाही. ‘विमानाच्या मागे राहू नका, पुढे राहा’ असे प्रशिक्षक सांगतात त्याचा अर्थ हाच. पुढच्या मिनिटाला काय करायचे ते या मिनिटाला ठाऊक असावे.

दोनशे फुटांवरचा निर्णय

पहिल्या श्रेणीच्या आयएलएसमध्ये निर्णयाची उंची धावपट्टीच्या पातळीपासून साधारण २०० फूट असते. येथे विद्यार्थ्याच्या शिक्षणाची खरी परीक्षा होते. या उंचीवर धावपट्टी किंवा तिचे मार्गदर्शक दिवे स्पष्ट दिसले तर उतरायचे. नाही तर तत्क्षणी पूर्ण शक्ती देऊन वर जायचे. ९० नॉट वेगाने जाणारे विमान तेथून साधारण २० सेकंदांत धावपट्टीच्या टोकावर पोचते. विचार करीत बसण्यास तेथे सवड नाही. म्हणून विचार आधीच करून ठेवायचा असतो.

‘आणखी थोडे खाली गेलो तर दिसेल’ हा मोह येथे सर्वांत घातक. विरळ झालेल्या ढगाच्या फटीतून खालचे रस्ते, घरांचे दिवे दिसतात आणि नजर तबकड्या सोडून बाहेर गुंतते. पुढच्याच क्षणी पुन्हा ढग आला तर वैमानिकाकडे ना बाहेरचे क्षितिज उरते ना आतले. म्हणून धावपट्टी न दिसण्याच्या शक्यतेला शिक्षणात अपवाद मानले जात नाही. प्रत्येक उतरण ही परत वर जाण्याची तयारी ठेवूनच केली जाते आणि उतरता आले तर तो त्यातील सुखद शेवट समजला जातो. नकाशावर वर जाण्याचा मार्ग, उंची आणि प्रतीक्षेचे ठिकाण आधीच छापलेले असते. प्रतीक्षेत विमान धावण्याच्या मैदानासारख्या लांबट वर्तुळात फिरते. त्याची सरळ बाजू साधारण एका मिनिटाची आणि वळण सेकंदाला तीन अंशांचे. त्यात शिरण्याच्या तीन पद्धती घोकून घेताना अनेक विद्यार्थी मेटाकुटीला येतात.

वर जाण्याची कृतीही निर्धोक नाही. अंधारात किंवा ढगात इंजिनाची शक्ती एकदम वाढली की शरीर मागे रेटले जाते आणि विमानाचे नाक फार वर गेल्याचा भास होतो. भासाला बळी पडून नाक खाली दाबले तर विमान जमिनीकडे झेपावते. २३ ऑगस्ट २००० रोजी बहारीन येथे गल्फ एअरचे एअरबस ए-३२० विमान रात्रीच्या वेळी उतरण सोडून वर जात असताना समुद्रात कोसळले आणि सर्व १४३ जण दगावले. या भ्रमाचे ते सर्वपरिचित उदाहरण म्हणून शिकविले जाते.

निर्णय टाळण्याची किंमत भारतानेही दिली आहे. २२ मे २०१० रोजी मंगळूर येथे एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान धावपट्टी ओलांडून दरीत कोसळले. १६६ पैकी १५८ जणांचा मृत्यू झाला. त्या सकाळी दृश्यमानता पुरेशी होती. विमान ठरलेल्या उतारापेक्षा बरेच उंचावरून येत होते. एअर मार्शल (निवृत्त) भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी न्यायालयाने नोंदविले की, सहवैमानिकाने तीन वेळा ‘गो अराउंड’ असे सुचवूनही आणि यंत्रणेच्या इशाऱ्यांनंतरही अस्थिर झालेली उतरण सोडून देण्यात आली नाही. ढगांत असताना जमिनीपासून १००० फुटांवर वेग, उतार आणि दिशा स्थिर झालेली नसेल तर परत फिरावे, हा विमान कंपन्यांचा नियम शिकाऊ वैमानिकाच्या अंगी पहिल्यापासून बाणविला जातो तो याचसाठी.

रेडिओपासून उपग्रहापर्यंत

सर्वच विमानतळांवर आयएलएस नसते. जुन्या ‘व्हीओआर’ किंवा ‘एनडीबी’ या रेडिओ दीपांच्या आधारे केलेल्या उतरणीत दिशा मिळते, उताराचा कोन मिळत नाही. वैमानिकाला घड्याळ आणि अंतर पाहून पायरी-पायरीने खाली यावे लागते आणि ठरलेल्या किमान उंचीखाली धावपट्टी दिसल्याशिवाय जाता येत नाही. एनडीबीची सुई केवळ स्थानकाकडे बोट दाखविते. वाऱ्याचा हिशेब ज्याचा त्याने मनातच करायचा. ही स्थानके जगभर झपाट्याने बंद होत आहेत.

त्यांची जागा उपग्रहाधारित पद्धती घेत आहेत. भारतात इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणाने मिळून ‘गगन’ ही यंत्रणा उभारली. ती उपग्रहांच्या संकेतांतील चुका दुरुस्त करून विमानाला अचूक दिशा आणि उतार दोन्ही पुरविते. एप्रिल २०२२ मध्ये राजस्थानातील किशनगढ येथे इंडिगोचे एटीआर-७२ विमान गगनच्या साह्याने उतरले. धावपट्टीजवळ महागडी यंत्रे बसवावी लागत नसल्यामुळे छोट्या विमानतळांसाठी हा मार्ग विशेष सोयीचा आहे. मात्र युद्धग्रस्त प्रदेशांच्या आसपास उपग्रहांच्या संकेतांत मुद्दाम अडथळे आणण्याचे प्रकार अलीकडे वाढले आहेत. साहजिकच जुन्या पद्धती शिकण्याची गरज अद्याप संपलेली नाही.

स्वयंचलित विमानात माणसाचे काम

आयएलएसच्या पुढच्या श्रेणींत निर्णयाची उंची आणखी खाली येते. दुसऱ्या श्रेणीत ती १०० फुटांपर्यंत. तिसऱ्या श्रेणीतील ‘ब’ गटात तर धावपट्टीवर जेमतेम ५० मीटरपर्यंतचे दिसत असतानाही विमान स्वयंचलित यंत्रणेने उतरविता येते. दिल्लीच्या विमानतळावर ही सोय आहे. त्यासाठी विमान, धावपट्टी आणि वैमानिक या तिघांनाही स्वतंत्र मान्यता लागते. शिकाऊ वैमानिकाचा संबंध पहिल्या श्रेणीशीच येतो. पुढचे शिक्षण विमान कंपनीत होते.

स्वयंचलित यंत्रणा इतकी सक्षम असताना हाताने सुया सांभाळण्याचा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न विद्यार्थी विचारतात. यंत्रणा ऐनवेळी बंद पडू शकते, हे त्याचे एक उत्तर. दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे आहे. यंत्रणेवर देखरेख ठेवणाऱ्याला ती काय करीत आहे आणि तिने काय करायला हवे होते, यांतील तफावत ओळखता आली पाहिजे. ज्याने शेकडो वेळा स्वतःच्या हातांनी तीन अंशांचा उतार धरला आहे, त्याला ही तफावत आकड्यांवरून लगेच जाणवते.

उपकरण उड्डाण शिकू इच्छिणाऱ्यांनी संस्था निवडताना केवळ विमानांची संख्या पाहू नये. सिम्युलेटरचा दर्जा, प्रशिक्षकांचा प्रत्यक्ष ढगांतील अनुभव आणि सरावासाठी जवळपास कोणते ॲप्रोच उपलब्ध आहेत, याची चौकशी करावी. डोळ्यांवर झडप लावून केलेला सराव आवश्यक असला, तरी प्रशिक्षकासोबत खऱ्या ढगात घालविलेला एक तास त्याहून बरेच काही शिकवून जातो. आणि सरावात किती वेळा उतरलो याच्या जोडीने, किती वेळा वेळीच उतरण सोडून वर गेलो, याचीही नोंद विद्यार्थ्याने ठेवावी. पुढे प्रवाशांनी भरलेले विमान हाती येईल तेव्हा दुसरी नोंद अधिक कामास येईल.